कॅथ लॅब की शेकाचं मशीन? तालुक्याच्या एका ट्रस्टला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "आमचं गाव तालुक्याचं, बार्शीहून तासाभरावर. व्यापारी मंडळी, निवृत्त शिक्षक आणि पुण्या-मुंबईत स्थिरावलेले गावकरी मिळून ट्रस्ट काढून हार्ट आणि कॅन्सरचं सुपरस्पेशालिटी हॉस्पिटल उभारायचं म्हणताहेत. जागा आहे, आठ-दहा कोटी जमतील. आधी कॅथ लॅब घ्यावी की कॅन्सरचं मशीन? डॉक्टर मिळतील का? आणि आपल्या लोकांची मुंबईची वारी कायमची चुकेल का?"

दोन्ही घेऊ नका: ना कॅथ लॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायची यंत्रखोली, ना कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, देणारं मशीन. आत्ता तरी नको. हे ऐकून ट्रस्टची मंडळी नाराज होतील, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मी एमडी मेडिसिन. अकरा वर्षं उपजिल्हा रुग्णालयात काढली, मग सतरा वर्षं एका ट्रस्ट हॉस्पिटलात, त्यातली शेवटची नऊ अधीक्षक म्हणून. कॅथ लॅब आणि कॅन्सर विभाग दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाले. त्यातला एक माझ्या डोळ्यांदेखत आठ महिने कुलूपबंदही होता.

हार्ट आणि कॅन्सर हे दोन शब्द माहितीपत्रकात एका दमात येतात, पण या दोन सेवांची मुळातली घडण वेगळी आहे. हार्ट अटॅकमध्ये मिनिटं मोजतात. कॅन्सरमध्ये आठवडे मोजतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रम: आधी ऑपरेशन, आधी किमो की आधी शेक. म्हणून हार्टचा पहिला उपचार पेशंटच्या दाराशी हवा आणि कॅन्सरचा पहिला निर्णय जिथे रोज तेच काम चालतं अशा जाणत्या ठिकाणी व्हायला हवा, तो कितीही लांब असला तरी. आपली माणसं नेमकं उलटं करतात. अटॅक आला की गाडी काढून थेट पुण्याकडे सुटतात, आणि गालात चट्टा आला की गावातल्या गावात तीन महिने मलम लावत बसतात.

आधी हार्टचं बोलू. पहाटे तीनची वेळ. पन्नाशीचा शेतकरी, घामाने बनियन ओलं, छातीवर मूठ धरलेली. घरी इनो पिऊन झालं, मग मेडिकलवाल्याला उठवून अ‍ॅसिडिटीची गोळी झाली, यात दोन तास गेले. रुग्णालयात आल्यावर सिस्टर ईसीजीचं मशीन ढकलत आणते. मशीन चालू, पण कागदाचा रोल संपलेला. दुसरा रोल स्टोअरमध्ये, स्टोअरची किल्ली फार्मासिस्टकडे, फार्मासिस्ट गावात. ही गोष्ट मी ऐकलेली नाही, मी तिथे ड्यूटीवर होतो. त्या रात्री किल्ली येईपर्यंत पाऊण तास गेला. पेशंट वाचला, पण हृदयाचा पुढचा भाग कायमचा निकामी झाला. दोन मजले चढायलाही त्याला पुढे धाप लागायची.

माणूस दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, हा जगभर मानलेला नियम आहे. ईसीजीत रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण दिसली, म्हणजे आम्ही ज्याला स्टेमी म्हणतो तो अटॅक असला, तर दोन वाटा उरतात. सुसज्ज कॅथ लॅबमध्ये दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी करून, म्हणजे बंद वाहिनीत बलून फुगवून, ती उघडता येत असेल तर तिकडे न्यायचं. नसेल तर आहे तिथेच, अर्ध्या तासाच्या आत, रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. स्ट्रेप्टोकायनेज हे जुनं औषध: १५ लाख युनिट, अर्ध्या ते एका तासात सलाईनमधून, आणि देताना बीपीवर डोळा ठेवायचा कारण ते घसरतं. टेनेक्टेप्लेज हे नवं: वजनाप्रमाणे एकच डोस, काही सेकंदांत शिरेतून दिला की झालं. तालुक्याच्या ठिकाणी टेनेक्टेप्लेजच सोयीचं. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालाय का, नुकतं मोठं ऑपरेशन झालंय का, कुठून रक्त जातंय का, एवढी चौकशी आधी करावीच लागते. ती एका छापील कागदावर खुणा करत दोन मिनिटांत होते.

इंजेक्शन दिलं म्हणजे काम संपलं नाही. तासा-दीड तासाने पुन्हा ईसीजी काढायचा. वर चढलेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली नसेल तर लगेच अँजिओप्लास्टीसाठी पाठवायचं. आली असेल तरी पेशंटला २४ तासांच्या आत मोठ्या केंद्रात पोचवून अँजिओग्राफी करायची. तुमच्या गावाहून सोलापूर दोन-अडीच तासांवर आहे. म्हणजे तुमच्याकडे हाच मार्ग आहे, आणि तो दुय्यम दर्जाचा मुळीच नाही. वेळेत मिळालेलं इंजेक्शन उशिरा मिळालेल्या स्टेंटपेक्षा, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीपेक्षा, भारी पडतं. हे मी पैजेवर सांगायला तयार आहे.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. तमिळनाडूत एका मोठ्या केंद्राला आजूबाजूची छोटी रुग्णालयं जोडून ही पद्धत बसवली गेली. आपल्या शेजारी गोव्यात २०१८ साली याच धर्तीवर काम सुरू झालं: मध्यभागी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेली सरकारी रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रं. ईसीजी छोट्या केंद्रात निघतो, तज्ज्ञ तो दूरवरून वाचतो, इंजेक्शन तिथेच दिलं जातं आणि मग अँब्युलन्स बांबोळीकडे निघते. यात सगळ्यात महाग वस्तू कोणती? मशीन नव्हे. रात्री तीन वाजता फोन उचलून "हो, द्या" असं म्हणणारा माणूस. तो कोण, त्याच्यानंतर कोण आणि तोही सापडला नाही तर कोण, हे भिंतीवर लिहिलेलं असावं लागतं.

आपल्याकडे १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ प्रगत, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ साध्या. तुमच्या तालुक्यात यातली कोणती उभी असते, ते आधी बघून घ्या. डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, नसलेल्या गाडीत ताजा अटॅक घालून अडीच तासांचा प्रवास म्हणजे पेशंट देवाच्या भरवशावर.

आता कॅथ लॅब. मशीन येतं, उद्घाटन होतं, फीत कापणाऱ्यांचे फोटो छापून येतात. आमच्याकडेही सगळं झालं. एक कार्डिओलॉजिस्ट, एक टेक्निशियन, चार सिस्टर. सहावा की सातवा महिना असेल, रविवार होता. बावन्न वर्षांच्या बाईंना घेऊन घरचे आले, बाहेर बोर्डावर लिहिलेलं "२४ तास अँजिओप्लास्टी". टेक्निशियन बहिणीच्या लग्नाला लातूरला. कार्डिओलॉजिस्ट हजर, मशीन चालू, पण यंत्र हाताळणारा आणि प्रेशरच्या रेघांवर नजर ठेवणारा माणूस नाही. आम्ही इंजेक्शन देऊन पुढे पाठवलं. बाईंचा मुलगा जाताना त्या बोर्डाकडे बोट करून मला एवढंच म्हणाला, "हे पुसा तरी." सोमवारी मी तो बोर्ड उतरवला. वर्षभरात कार्डिओलॉजिस्ट थकून पुण्याला गेला आणि तेच ते आठ महिने.

एकच डॉक्टर रोज रात्री ऑन-कॉल राहू शकत नाही, हे हिशेबात धरायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. चोवीस तास लॅब खरोखर चालवायची तर माझ्या मते किमान तीन कार्डिओलॉजिस्ट, चार टेक्निशियन, कॅथ लॅबचं प्रशिक्षण घेतलेल्या आठ-दहा सिस्टर आणि मागे हृदयाचा आयसीयू लागतो. शिवाय लेड अ‍ॅप्रन, प्रत्येकाच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, मशीनचा वार्षिक देखभाल करार. स्टेंट मात्र विकत घेऊन ठेवावे लागत नाहीत. कंपनी वेगवेगळ्या मापांचे स्टेंट कन्साइनमेंटवर कपाटात ठेवते आणि वापरला की बिल लावते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी त्याच वस्तूचे लाखाच्या वर लावले जायचे, आणि कितीतरी हॉस्पिटलांचा कार्डिओलॉजी विभाग त्याच फरकावर चालायचा. हे उघडपणे कुणी बोलत नाही. आज सरकारी आरोग्य योजनेच्या ठरावीक पॅकेजमध्ये लॅब भागवायची तर केसेस भरपूर हव्यात. आणि कमी केसेस करणारा हात बोथट होतो, हा दुसरा आणि जास्त गंभीर मुद्दा. दिवसाला एकही केस नसलेली लॅब पांढरा हत्ती तर असतेच, धोकादायकही असते.

बायपासबद्दल एकच वाक्य: सर्जन, हृदयाचा भूलतज्ज्ञ, हार्ट-लंग मशीन चालवणारा परफ्युजनिस्ट आणि दर पेशंटमागे एक सिस्टर असलेला आयसीयू एकाच छताखाली टिकवणं तालुक्याच्या आवाक्यातलं नाही, तो विचार डोक्यातून काढा.

आता कॅन्सर.

तुमच्याच भागातला वाटावा असा एक पेशंट डोळ्यांसमोर आणा. ट्रक चालवणारा, बेचाळीस वर्षांचा, दहावीपासून तंबाखू-चुना, मधली काही वर्षं गुटखा. डाव्या गालाला आतून चट्टा. दातांच्या डॉक्टरांनी दाढेचं टोक घासून दिलं, दोन महिने जेल लावायला दिलं. मग कुणीतरी तुकडा काढला. इथे पहिली मेख आहे. काही ठिकाणी तुकडा काढायच्या ऐवजी हौसेने अख्खा चट्टाच कापून टाकतात, कडेला रोग तसाच ठेवून. पुढच्या सर्जनला मग मूळ रोग केवढा होता तेच कळत नाही. स्तनाच्या गाठीचंही असंच. एकदा आमच्याकडे काढलेली गाठ प्लास्टिकच्या बरणीत सलाईन घालून आली होती, दोन दिवसांच्या प्रवासानंतर, उन्हाळ्यात. ती फॉर्मलिनमध्ये हवी होती, आणि काढल्यावर तासाभरात. पेशी सडल्या होत्या. हार्मोनच्या आणि हर-टू या प्रथिनाच्या तपासण्या त्यावर होऊच शकल्या नाहीत, आणि पुढचा सगळा उपचार त्या तपासण्यांवर ठरतो. पंचवीस रुपयांच्या फॉर्मलिनपायी त्या ताईंचा उपचार अंदाजावर गेला.

तर आपला ड्रायव्हर मोठ्या केंद्रात गेला. तिथे त्याला एक डॉक्टर बघत नाही. जॉइंट क्लिनिक असतं: सर्जन, शेक देणारा रेडिएशनवाला, किमोवाला, जोडीला स्कॅन वाचणारे आणि स्लाईड वाचणारे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये अवयवाप्रमाणे असे गट बांधलेले आहेत. डोक्या-मानेचा वेगळा, स्तनाचा वेगळा, पोटाचा वेगळा. सर्जन पेशंटला तोंड उघडायला लावतो आणि किती बोटं आत जातात ते बघतो. तीन बोटं गेली तर ठीक. एकच गेलं तर भूल देताना नळी घालण्यापासून अडचण, आणि रोग जबड्याच्या स्नायूत मागे घुसल्याची शंका. पाच-सात मिनिटांत ठरतं: आधी ऑपरेशन, सहा आठवड्यांच्या आत शेक, सोबत किमो द्यायची की नाही ते अंतिम रिपोर्ट बघून. नातेवाईकांना वाटतं, एवढ्या लांबून आलो आणि पाच मिनिटांत बोळवण केली. पण त्या पाच मिनिटांत सगळे एकमेकांसमोर बोलून मोकळे होतात. गावात हीच मंडळी पाच वेगवेगळ्या दवाखान्यांत बसतात आणि जो आधी भेटेल त्याचा उपचार आधी सुरू होतो.

परळच्या टाटा हॉस्पिटलची घडणच मुळात निराळी आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटांच्या ट्रस्टने ते सुरू केलं, १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाखाली आहे. आरोग्य नव्हे, अणुऊर्जा! होमी भाभांना किरणोत्साराचं काम आणि कॅन्सरचं काम एका दावणीला बांधायचं होतं. पुढे बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने, भाभाट्रॉन हे कोबाल्टने शेक देणारं देशी मशीन बनवलं, ते याच नात्यातून. आणि २०१२ मध्ये टाटाच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे कॅन्सर केंद्रांचं जाळं, उभं राहिलं. देशभरातली तीनशेहून जास्त केंद्रं आज त्यात आहेत. त्याचा फायदा पेशंटला दिसत नाही, पण असतो: उपचाराची सारखी मार्गदर्शक सूत्रं, आणि औषधांचे भाव सगळ्यांनी मिळून कंपन्यांशी ठरवणं. तुमच्या ट्रस्टने कॅन्सरचं काहीही करायचं ठरवलं तर ग्रिडमधल्या केंद्राला जोडून करा. एकट्याने नको.

शेकाच्या मशीनकडे येतो, कारण देणगीदारांचा जीव त्यात अडकलेला असतो. शेक देणारा लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर साध्या खोलीत बसत नाही. मुख्य भिंती दोन मीटरच्या आसपास जाड काँक्रीटच्या लागतात, आणि नकाशा अणुऊर्जा नियामक मंडळाने मंजूर केल्याशिवाय कुदळ मारता येत नाही. मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा हिशेब ठेवणारा भौतिकतज्ज्ञ, आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नसेल तर मशीन चालू करायलाच परवानगी नाही. वीज, एसी, चिलर अखंड हवं.

त्या विभागात एक खोली असते, तिथे ट्रस्टींना मी मुद्दाम नेतो. मोल्ड रूम. प्लास्टिकची जाळीदार शीट सत्तर अंशांच्या पाण्यात मऊ करतात, पेशंटच्या चेहऱ्यावर ओढून धरतात, दहा मिनिटांत ती त्याच्या नाकाडोळ्यांच्या आकारात घट्ट होते. शेक घेताना मान मिलिमीटरभरही हलू नये म्हणून हा मुखवटा. त्यावर नाव आणि नंबर लिहून भिंतीवर टांगतात. चाळीस-पन्नास चेहरे भिंतीवरून तुमच्याकडे बघत असतात. एकेकाला तीस-पस्तीस वेळा यायचंय, सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलतं, गिळवत नाही, वजन उतरतं आणि मुखवटा सैल होतो. सैल झाला की नवा करावा लागतो. म्हणून शेकाच्या विभागात वजनकाटा आणि आहारतज्ज्ञ हे मशीनइतकेच कामाचे.

शेक मध्येच तुटला तर रोगाच्या पेशींना पुन्हा उभं राहायला सवड मिळते. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये एकेक दिवसाच्या खंडाने रोग आटोक्यात येण्याची शक्यता टक्क्याने, कधी थोडी जास्तच, घटते. आणि शेक तुटतो कशामुळे? मशीन बिघडल्यामुळे कमी. राहायला जागा नसल्यामुळे, सोयाबीन काढणीला आल्यामुळे, सोबत आलेल्या भावाचा रोज बुडतो म्हणून जास्त. मुंबईत गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आणि तशाच दुसऱ्या जागा नसत्या, तर अर्धा महाराष्ट्र परळच्या फुटपाथवर राहून शेक घेत राहिला असता. आजही काही जण राहतातच.

तुम्हाला तर शेकासाठी मुंबई गाठायचीही गरज नाही. बार्शी तासाभरावर आहे, म्हणजे रोज जाऊन-येऊन किंवा तिथेच राहून शेक होतो. बार्शी हेही तालुक्याचंच गाव, पण तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची पुण्याई फक्त मशीनची नाही. १९८७ पासून तिथे ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदवही चालते. कार्यकर्ते गावोगाव फिरून कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून जातंय याची चौकशी करत. नोंद ठेवता ठेवता लोक लवकर तपासायला येऊ लागले. त्याच पायावर धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ५२ गावसमूहांमधल्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तो कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही या विषाणूच्या, आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर आज ज्या अभ्यासाचा दाखला देतात, त्यातल्या बायका तुमच्या शेजारच्या गावांतल्या आहेत. कदाचित तुमच्या नात्यातल्याही. ट्रस्टच्या किती जणांना हे ठाऊक आहे, विचारून बघा.

मग तालुक्यात काय करायचं? माझी पसंती अशी.

ग्रामीण रुग्णालयाच्या शेजारी, त्यांच्याशी भांडून नव्हे तर करार करून, छातीत दुखण्याची एक खोली. दोन ईसीजी मशीन (एक बिघडणार हे धरूनच), डिफिब्रिलेटर, मॉनिटर, फ्रिजसकट औषधांचं कपाट, टेनेक्टेप्लेजचे कायम दोन डोस, आणि सोलापूरच्या एखाद्या चालत्या कॅथ लॅबशी लेखी समझोता. किल्ली कुणाच्याही घरी जाणार नाही. पहिल्या वर्षी सिस्टरांचं प्रशिक्षण, दर महिन्याला रजिस्टर घेऊन बसणं: कोण किती वाजता आलं, ईसीजी किती वाजता, इंजेक्शन किती वाजता. डॉक्टर मिळतील का, हे विचारलंत. यासाठी कार्डिओलॉजिस्ट लागत नाही. एक एमडी मेडिसिन आणि तीन-चार धीट एमबीबीएस पुरतात, राहायला चांगलं घर आणि मुलांना बरी शाळा मिळाली तर टिकतातही. पगाराएवढंच हे महत्त्वाचं असतं.

दुसरं, किमोचं डे-केअर. निर्णय आणि पहिला डोस मोठ्या केंद्रात, पुढचे डोस तुमच्याकडे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत अशी डे-केअर केंद्रं काढायची घोषणा केलीच आहे, तेव्हा वारा तुमच्या बाजूने आहे. पण किमो म्हणजे सलाईन लावणं नव्हे. औषध मिसळायला हवा बाहेर न येऊ देणारं बंद कॅबिनेट लागतं, नाहीतर रोज मिसळणाऱ्या सिस्टरच्या अंगात ते जातं. डोस उंची-वजनावरून काढलेला, दोघांनी तपासलेला. आदल्या दिवशीचा रक्ताचा काउंट बघितल्याशिवाय बाटली लावायची नाही. आणि किमोनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी ताप आला तर ती इमर्जन्सी आहे, क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, हे पेशंटच्या घरच्यांना आणि तालुक्यातल्या प्रत्येक खासगी डॉक्टरला तोंडपाठ हवं. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात तेव्हा रात्रीतून माणूस जातो.

हार्ट आणि कॅन्सर खरोखर एकत्र येतात ते इथे. लाल रंगाची किमो, डॉक्सोरुबिसिन, हृदयाच्या स्नायूला दुखावते. तिचा आयुष्यभराचा एकूण हिशेब ठेवावा लागतो. ट्रास्टुझुमॅब हे स्तनाच्या कॅन्सरचं औषध चालू असलेल्या बाईचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दर तीन महिन्यांनी हवा. उलट बाजूने, चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसलेल्या माणसाच्या आतड्यात गाठ सापडते: रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या बंद केल्या तर स्टेंट बंद पडायची भीती, चालू ठेवल्या तर ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. अशा वेळी दोन डॉक्टरांनी एकमेकांना फोन करायचा असतो, चिठ्ठी पेशंटच्या हाती देऊन इकडून तिकडे हेलपाटे घालायला लावायचे नसतात. तुमचं छोटं केंद्र हा फोन जोडून देण्याचं काम फार चांगलं करू शकेल.

तिसरं, मॉर्फिन. याबद्दल मी हट्टी आहे. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या दुखण्याला तोंडातून घ्यायची मॉर्फिनची गोळी स्वस्त आणि परिणामकारक आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं केलंय. तरी तालुक्यात ती मिळत नाही, कारण परवाना काढायची आणि रजिस्टर ठेवायची कटकट कुणाला नको असते. तुमच्या ट्रस्टने बाकी काहीही केलं नाही आणि एवढंच केलं, तरी दर वर्षी कितीतरी घरांतलं रात्रभरचं विव्हळणं थांबेल.

पैशाचं थोडं. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी योजना हाच तुमच्या बहुतेक पेशंटचा आधार असणार. त्यात अँजिओप्लास्टी, बायपास, कॅन्सरची ऑपरेशनं, किमो, शेक सगळं बसतं. पण पेशंट योजनेत बसणं आणि त्याची पूर्वपरवानगी वेळेत मिळणं यात आधार कार्डावरच्या नावातल्या एका वेलांटीचं अंतर असतं. योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राशी नीट बोलू शकणारा, फाईल लावू शकणारा, तपासलेल्या तुकड्याच्या स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक मागून घेऊन पेशंटसोबत देणारा, "पुढची तारीख कधी" म्हणून फोन करणारा एक समन्वयक नेमा. सगळ्यात आधी नेमा. आमच्याकडे हे काम बारावी झालेल्या एक ताई करतात. त्या रजेवर गेल्या की विभागाचे हाल होतात, मी रजेवर गेलो तर कुणाला कळतही नाही. ट्रस्ट म्हणून नोंदणी होणार तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक वाचून ठेवा: दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. हे ओझं समजू नका, सुरुवातीपासून हिशेबात धरलं तर जड जात नाही.

मुंबईची वारी कायमची चुकणार नाही. लहान मुलांचे कॅन्सर, हाडांचे, मेंदूचे, जन्मजात हृदयदोषाची गुंतागुंतीची ऑपरेशनं यांसाठी जावंच लागेल आणि जायलाच हवं. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीला पूर्ण सवलत आहे, त्याचा फॉर्म तुमचा समन्वयक भरून देईल. प्रयत्न एवढाच करायचा की वीस खेपांच्या जागी दोन-तीन व्हाव्यात.

उरलेल्या पैशाचं काय, हा प्रश्न येईलच. बार्शीत शेक घेणाऱ्यांसाठी वीस खोल्यांची जागा बघा. स्वयंपाकाला ओटा, मऊ भात शिजवायची सोय, बाथरूमला धरायला दांडा.

पुढची बैठक घेण्याआधी एक काम करा. तुमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटून गेल्या वर्षभराचं कॅज्युअल्टी रजिस्टर बघायची परवानगी मागा. छातीत दुखतं म्हणून किती जण आले, त्यातल्या किती जणांचा ईसीजी निघाला आणि त्यावर वेळ लिहिली आहे का, एवढं मोजा. बहुधा वेळ लिहिलेली नसेल. जे सापडेल ते मला कळवा, मग मशीनचं बोलू.